पुराच्या रंगाची रेघ

तो रंग दुकानात मिळत नसे. रंगारी तो घरीच कालवायचा. चार माप पिवळा, एक माप विटकरी, बोटावर मावेल एवढा काळा, आणि शेवटी पांढऱ्याचा नुसता उसासा. डबा ढवळून झाला की काडी उजेडात धरायचा, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचा, "हं. आलं पाणी."

तीन वर्षांपूर्वी नदी खालच्या वस्तीत शिरली तेव्हा तिचा जो रंग होता, हुबेहूब तो. बाकीचे सगळे रंग कुणी ना कुणी झेंड्याला घेऊन बसले होते. चिखलाचा तेवढा मोकळा होता. त्याच्या वाटेला कोण जाणार?

त्या रंगानं वस्तीतल्या घराघरावर एकेक रेघ ओढलेली होती. पाणी जिथवर चढलं तिथवर. रेघेच्या खाली नाव नाही, तारीख नाही, घोषणा नाही. काम तिघांनी सुरू केलं होतं. रंगारी, त्याची थोरली बहीण आणि गवंडी. बहीण आरोग्य केंद्रात नर्स होती. पुरात तिनं अकरा आजारी माणसं खांद्यावर घालून वर काढली होती, तेव्हापासून तिला सगळी वस्ती ताई म्हणायची, तिच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंसुद्धा.

रेघ ओढायची एक रीत होती. ज्यानं पाणी डोळ्यांनी पाहिलं त्यानं भिंतीला तळहात टेकवायचा. रंगाऱ्यानं त्या हाताच्या वरच्या कडेनं रेघ धरायची. मग गवंडी आपली नळी लावायचा. लांब, पारदर्शक, आत पाणी भरलेली. एक टोक शेजारच्या रेघेवर, दुसरं या हातापाशी. दोन्हीकडे पाणी एकाच उंचीला उभं राहतं. कुणाचा हात भीतीनं चार बोटं वर गेलेला असायचा, कुणाचा बढाईनं खाली. "छे, आमच्याकडे कुठलं एवढं!" नळी दोघांनाही जागेवर आणायची.

"माणूस माणसाला फसवतो," गवंडी म्हणायचा. "पाणी पाण्याला नाही."

शिंपीणवहिनीच्या घरी हात टेकवायला तिच्या सासूबाई पुढे आल्या. पुराच्या दिवशी त्या पोटमाळ्यावर बसून खाली पाणी चढताना बघत होत्या. अंगानं एवढ्याशा. हात काही तिथवर पोचेना.

"आत्या, स्टूल देऊ का?" वहिनीनं विचारलं.

"का गं? पाणी आलं ते स्टूल मागून आलं होतं?" असं म्हणून म्हातारी टाचा उंचावून भिंतीला भिडली, आणि रंग ओला असेतो हात हलवायचा नाही म्हणून तिथल्या तिथे तिनं ओवी जोडली:

*पाणी आलं दारी, नाही पुसलं कुणा नाव,*
*बसलं खाटेवर, म्हणे हाच माझा गाव.*

रेघेच्या शेवटाला तिचं एक बोट लागलं. रंगारी पुसायला गेला, तर ती म्हणाली, "राहू दे. पाण्याला कळू दे, मी बघत होते."

अशी तीनशे बारा घरं झाली.

मागणीही एकच होती. गावाच्या वरच्या अंगाला पाणथळ आहे, मैलभर लव्हाळ्याची. नदी फुगली की आधी तिथं पसरते, दम खाते आणि मग गावात येते. तीच भराव टाकून बुजवायची नि वर गोदामं उभारायची, असं चाललं होतं. ताई प्रत्येक बैठकीत तेच सांगायची. "सगळं जग तापलंय. महिन्याचा पाऊस दोन दिवसांत पडतोय. ते थांबवणं तुमच्या-माझ्या हातात नाही. पाणथळ आपल्या हातात आहे. तिथं एक ट्रक पडला की इथं रेघ वर सरकते, एवढं ध्यानात ठेवा." लोक म्हणत, ताई, नळाचंही घ्या ना. रस्त्याचं घ्या. शाळेच्या छपराचं घ्या. ताई हात जोडायची. "सगळं खरं आहे हो. पण आपली रेघ एकच." आणि मतांचा विषय निघाला की गवंडी सरळ उठून चपला घालायचा. त्यामुळे रेघवाले कुणाच्याही दारात जात. या बाजूच्याही, त्या बाजूच्याही. दार उघडायच्या आधीच आतून विचारणा व्हायची, "चहा की सरबत?"

पाणथळीचा ठराव नगरपालिकेपुढे आला तेव्हा ताई तीनशे बारा रेघांचे फोटो घेऊन गेली. जुन्या नगरसेवकानं ते पत्त्यांसारखे पिसले आणि परत दिले. "बाई, चित्रं चांगली आहेत. पण इथे ठराव रेघा मोजून होत नाहीत, हात मोजून होतात. निवडणुकीनंतर बघू." निवडणुकीला सहा आठवडे होते.

त्याच रविवारी दुपारी आरोग्य केंद्राच्या बाकांवर बैठक भरली. ताईनं सांगून टाकलं, मी उभी राहते.

गवंडी बराच वेळ नळीची गुंडाळी करत बसला. मग म्हणाला, "आज आपण सगळ्या दारांत जातो, ताई. उद्यापासून अर्ध्या दारांत जाऊ."

"आणि पाणथळ बुजली तर काय करायचं ते सांग. दर वर्षी सगळ्या दारांत जाऊन वीतभर वर रेघ ओढायची? ते काम आहे का रे? तो नुसता सुतकाचा हिशेब झाला."

"तुझं खरं आहे."

"मग?"

"माझंही खरं आहे."

खरं दोघांचंही होतं. मग सगळ्यांनी रंगाऱ्याकडे पाहिलं. रेघ शेवटी त्याच्या हाताची. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. ताईनं त्याला वाढवला, त्याचा पहिला ब्रश तिनं स्वतःच्या वेणीचे केस कापून बांधून दिला होता. त्याच्या मनात गवंड्याचं म्हणणं काट्यासारखं रुतलं होतं. तोंडातून आलं ते असं : "ताई म्हणेल तसं."

"तू रंगारी आहेस का ताईचा ब्रश?" गवंडी म्हणाला. सगळे हसले. रंगारीही हसला.

चिन्ह मिळालं शिडी. पत्रकावर काळी शिडी छापायची आणि वर आडवा एक पट्टा, पुराच्या रंगाचा. म्हणजे न वाचता येणाऱ्यालाही कळेल, ही आपली ताई. पट्ट्याची कल्पना रंगाऱ्याची. तो कागदावर रंगाचा ठिपका घेऊन छापखान्यात जाऊन बसला. पहिला नमुना चॉकलेटी आला, दुसरा गाजरासारखा.

"अहो, असा रंग कुणी छापतं का?" छापखानेवाला कावला. "हा निव्वळ चिखल आहे."

"चिखलच हवाय."

तिसऱ्या खेपेला जमलं. रंगाऱ्यानं पत्रक आपल्या डब्याच्या झाकणाशी धरलं, आणि कुठलं कुठे संपतं ते त्यालाच कळेना. पोटच्या पोरीचं लग्न ठरावं तसा तो घरी आला.

आठ दिवसांनी निवडणूक कचेरीचा तपासनीस वस्तीत आला. साधा माणूस, घामानं भिजलेला, हातात ताईचं पत्रक. त्यानं ते एका भिंतीवरच्या रेघेला चिकटवून पाहिलं. दुसरी भिंत. तिसरी. मग रंगाऱ्याला विचारलं, "हा रंग कुठल्या कंपनीचा?"

तेव्हा रंगाऱ्यानं म्हणायला हवं होतं, काय की बुवा. चिखलासारखे रंग काय कमी असतात? पण कुणी त्याला त्याच्या रंगाबद्दल असं समोर उभं राहून कधी विचारलंच नव्हतं. छाती भरून आली त्याची.

"कंपनीचा नाही, साहेब. माझा आहे. जगात दुसरीकडे मिळायचा नाही."

तपासनिसानं ते शब्दशः लिहून घेतलं.

संध्याकाळी नोटीस आली. उमेदवाराची प्रचाराची खूण विनापरवाना तीनशे बारा भिंतींवर आढळली आहे. तीन दिवसांत पुसावी, नाहीतर उमेदवारी रद्द.

"साहेब, या रेघा तीन वर्षं जुन्या आहेत," ताई कचेरीत जाऊन म्हणाली.

"असतील. पण तुमचं पत्रक आठवड्याचं आहे, आणि दोन्ही एकच आहेत. तुमच्या माणसानंच सांगितलंय." तपासनिसानं आवाज उतरवला. "बाई, माझी बहीण राहते तुमच्या वस्तीत. तिच्या घरावरही रेघ आहे. पण तक्रार आली की मला लिहावं लागतं."

अर्ज मागे घ्यायची मुदत चिन्ह मिळायच्या आधीच संपली होती.

त्या संध्याकाळी रंगारी आयुष्यात पहिल्यांदा बहिणीपुढे बोलला. "होऊ दे रद्द. रेघा राहू देत."

"मग जुना नगरसेवक बिनविरोध. दुसऱ्या दिवशी पाणथळीत ट्रक."

"ताई, त्यातले चाळीस हात आता नाहीत गं. मेलेल्या माणसाला पुन्हा भिंतीपाशी कसं उभं करायचं?"

"निवडून आले की पुन्हा काढू," ताई म्हणाली. "गवंडी मापं लिहून ठेवेल. रंग्या, तुझी शपथ, पहिली रेघ मी ओढेन."

रंग्या हे तिनंच ठेवलेलं नाव. त्या नावानं हाक मारली की तो सहा वर्षांचा व्हायचा.

पुसायला लागले तर भलतंच. रेघेवर भिंतीच्या रंगाचा हात मारला की जुन्या भिंतीवर नवा उजळ पट्टा उठे. तपासनीस बिचारा मान हलवायचा. "अहो, ही तर जास्तच ठसठशीत झाली." तेव्हा अख्ख्या भिंती रंगवाव्या लागल्या. कडेपासून कडेपर्यंत, तीन दिवस, तेरा माणसं. गवंडी पुढे चालायचा, उंबऱ्यापासून टेपनं रेघेची उंची मोजायचा, वहीत टिपायचा. मागून रंगारी यायचा. लोक खूश होते, भिंती फुकटात उजळत होत्या. एक म्हातारा म्हणाला, "निवडणूक दर वर्षी का नसते रे?"

शिंपीणवहिनी दारात उभी होती. सासूबाई थंडीतच गेल्या होत्या. "भाऊजी," ती म्हणाली, "सगळी पुसा. तेवढं शेवटचं बोट ठेवता येईल?"

रंगाऱ्यानं वळून तपासनिसाकडे पाहिलं. तपासनीस नोटीस वाचत होता. तीच नोटीस, पंचवीस वेळा वाचलेली. रंगाऱ्यानं ब्रश बुडवला आणि त्या बोटावरूनही फिरवला. वहिनीनं पदराचा बोळा तोंडाशी धरला आणि आत जाऊन मशीन चालू केलं. सुईखाली कापड नव्हतं. आवाजावरून कळत होतं.

शेवटची भिंत आरोग्य केंद्राची. गवंडी तिच्यापुढे पाठ लावून उभा राहिला.

"ही एक ठेव, ताई. कपाटामागे आहे, कुणाच्या बापाला दिसत नाही. एक खरी रेघ असली की नळीनं मी सगळं गाव पुन्हा उभं करीन. एकही नसली तर नळी म्हणजे नुसती पाणी भरलेली दोरी."

"आणि सापडली तर? तीनशे अकरा भिंती फुकट गेल्या म्हणून समज. वही आहे ना तुझी?"

"वहीत माझं अक्षर आहे. भिंतीवर पाणी आहे."

"बाजूला हो रे, दादा."

गवंडी बाजूला झाला. ताईनं भावाच्या हातातला ब्रश घेतला आणि ती भिंत स्वतः रंगवली, नर्सच्या पोशाखात, कोपरापर्यंत ओघळ येईतो. रंगारी बादली धरून उभा होता. बादली रिकामी झाली तरी धरून होता.

ताई एक्याण्णव मतांनी निवडून आली.

पाणथळीचा ठराव पुढच्याच महिन्यात मताला आला. ताई अकरा मिनिटं बोलली, घंटा वाजली तरी बोलत राहिली. रेघांचे फोटो दाखवायला गेली तेव्हा कुणीतरी म्हणालं, "प्रचार संपला, बाई." एकवीस जणांत पंधरा हात वर गेले. पाणथळीत ट्रक गेले.

ताई वाईट झाली नाही. वाईट झाली असती तर तिच्याशी भांडता तरी आलं असतं. ती सकाळी सहाला उठे आणि दारात नळवाले, शाळेचं छप्परवाले, रस्तेवाले उभे असत. आता त्यांना "आपली रेघ एकच" म्हणायची सोय राहिली नव्हती. मतं त्यांनी दिली होती. ती सगळ्यांच्या मागे लागून सगळं करून घेई. वर्षाच्या आत खालच्या वस्तीला पक्का रस्ता आला. तिथं आजवर कुणी आणला नव्हता. लोकांनी तिला उचलून घेतलं.

रस्ता जुन्या रस्त्यावरच ओतला होता, हातभर जाड. घरं खाली गेली. रस्त्याचं सांडपाणी आत यायला लागलं, तसे लोकांनी उंबरे उचलले. उंबरे उचलले म्हणून जमिनी भरून घेतल्या. कुणी वीतभर, कुणी गुडघाभर, ज्याला जसं परवडलं तसं. गवंड्यानंच बरीचशी कामं केली, तेच त्याचं पोट. एके दिवशी त्यानं ती वही रंगाऱ्याच्या ओट्यावर आणून ठेवली.

"तीनशे बारा मापं," तो म्हणाला. "उंबऱ्यापासून."

"मग?"

"कुठल्या उंबऱ्यापासून?"

रंगारी तरीही डबा घेऊन निघाला. शिंपीणवहिनीनं त्याला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, पण भिंत दिली नाही.

"तुमच्या ताईची रेघ माझ्या घरावर नको, भाऊजी. मी मत दिलं नाही तिला, खोटं कशाला बोलू?"

"वहिनी, ही ताईची नाही. पाण्याची आहे."

"तेव्हा होती पाण्याची. तुम्हीच तिच्या कागदावर छापलीत ना? पाणी उभं राहिलं होतं निवडणुकीला?" मग म्हणाली, "आणि काढाल कुठे? हात कुणाचा टेकवाल?"

ती नको म्हणाली, ते बरं म्हणावं अशी गत पुढच्या आळीत. तिथं ताईची माणसं होती. "ये ये, रंगारी! काढ झक्कास. जरा जाड काढ. आणि एवढ्या खाली कशाला, छपराखाली घे, म्हणजे रस्त्यावरून दिसेल." दुसरा म्हणाला, "माझ्याकडे दोन काढ, यंदा घरात दोन मतं वाढलीत." टेकडीवरच्या लोकांनाही रेघा हव्या होत्या, जिथं नदी सोडा, गटारसुद्धा कधी चढलं नव्हतं. रंगाऱ्यानं नाही म्हटलं, तर त्यांनी दुसरा रंगारी आणला. त्याचा रंग चॉकलेटी होता. महिन्याभरात गावभर रेघा झाल्या, उंच, सखल, तिरक्या, दुहेरी, जिथं ताईची मतं तिथं. ताईनं हात जोडून सांगितलं, असं करू नका. लोकांना वाटलं, बाई नम्र आहे.

रंगाऱ्यानं डबा झाकून ठेवला. वरचा रंग सुकून साय धरली.

मग वरच्या खोऱ्यात सलग सहा दिवस पाऊस झाला. गावात ऊन होतं. नदीवरची मोजपट्टी मागच्या पुरात वाहून गेली होती, ती पुन्हा बसवायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. वरच्या गावाहून ताईला फोन आला, तीन तासांत पाणी येतंय, मागच्यापेक्षा जास्त. किती जास्त ते सांगता येत नाही. पाणथळ नसताना नदी कशी वागते ते कुणी पाहिलंच नव्हतं.

ताई रिक्षावर भोंगा लावून निघाली. "सगळ्यांनी टेकडीकडे चला. म्हातारे आधी, पोरं आधी. सामान वर ठेवा." जे तिचे होते ते निघाले. जे तिचे नव्हते ते दारात उभे राहून बघत होते. "संपली ना निवडणूक?" कुणीतरी म्हणालं. ऊन स्वच्छ होतं, कपडे दोरीवर वाळत होते.

गवंडी आणि रंगारी उरलेल्या दारांत गेले. काहींनी ऐकलं. काहींनी कड्या लावल्या. गवंडी एका दाराशी घसा फोडून भांडत राहिला तेव्हा रंगारी एकटाच शिंपीणवहिनीकडे वळला. तिनं पोरांना टेकडीवर धाडलं होतं आणि स्वतः मशीनपाशी उभी होती. लोकांचे बेतलेले कपडे गाठोड्यात बांधून झाले होते. मशीन लोखंडी, एकटीला उचलण्यासारखं नव्हतं.

"बरं झालं आलात," ती म्हणाली. "धरा."

दोघांनी ते टेबलावर ठेवलं.

"पुरे?"

रंगाऱ्यानं भिंतीकडे पाहिलं. लिंबाच्या रंगाची, गुळगुळीत, कडेपासून कडेपर्यंत एकसारखी. त्याचंच काम. ब्रशचा एक माग नव्हता तिच्यावर.

"पलंग टेबलावर चढवू," तो म्हणाला. "त्यावर मशीन."

चढवलं. मशीन छपराच्या वाशाला टेकायला आलं. वहिनी दम लागून भिंतीला रेलली.

"आता तरी? भाऊजी, तुम्हीच सांगा. सगळ्या गावाची मापं तुम्हाला तोंडपाठ होती."

"नाही सांगता येत, वहिनी."

पोटमाळा जमीन भरून उचलली तेव्हाच काढावा लागला होता. दोघं मान वर करून त्या मशीनकडे बघत उभी राहिली. बाहेर रस्त्यावरून रिक्षा पुन्हा गेली. ताईचा आवाज बसला होता, शब्द फाटत होते, पण एकच शब्द असल्यामुळे कळत होता : वर, वर, वर. किती वर, ते ती सांगत नव्हती.